छपरावरचा तिसरा किलोवॅट आणि माळावरचा करार: राज्याच्या सौर योजनांतून नेमके काय पदरात पडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव पाटण तालुक्यातले, जिल्हा सातारा. घरातला विजेचा वापर महिन्याला सरासरी २६० युनिट. बिल अजून वडिलांच्या नावावर, वडील हयात नाहीत. विहिरीखालचे चार एकर रान आहे, त्यावर महावितरणची ५ एचपीची जोडणी आहे. याशिवाय भावाशी सामाईक साडेतीन एकर माळ. तिथे वीज नाही, पण बोअरला पाणी लागले आहे. एजंट म्हणतो, घरावर ३ किलोवॅट बसवा, ७८ हजार सरकार देते, बिल शून्य होते. माळावर सौर पंप घ्या, नाहीतर तो माळ सोलर कंपनीला भाड्याने द्या. यात खरे किती आणि राज्य सरकार स्वतःचे असे काय देते?

आधी शेवटच्या भागाचे उत्तर देतो, कारण त्यावरून बाकीचे आपोआप उलगडते. छपरावरचे ७८ हजार राज्याचे नाहीत, केंद्राचे आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या पीएम सूर्यघर योजनेतून ते मिळतात. पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि तिथे मर्यादा संपते. हे आकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. पहिल्या २ किलोवॅटची प्रमाण किंमत किलोवॅटमागे ५०,००० धरली आणि तिच्या ६० टक्के दिले. तिसऱ्याची ४५,००० धरली आणि ४० टक्के दिले. तुमच्यासारख्या २६० युनिटवाल्या घराला महाराष्ट्र सरकार त्यावर स्वतःचा रुपयाही घालत नाही. उत्तर प्रदेश किलोवॅटमागे १५,००० आणि जास्तीत जास्त ३०,००० वरून देतो. दिल्ली तर अनुदानाखेरीज, तयार झालेल्या दर युनिटमागे ३ रुपये पाच वर्षे देते (३ किलोवॅटपर्यंत).

मग महाराष्ट्र हात आखडता घेतो का? नाही. तो वेगळ्या ठिकाणी सढळ आहे. २०२५ मध्ये राज्याने ‘स्मार्ट’ या नावाची छपरावरच्या सौर संचाची योजना आणली (स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप). ती दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी आहे. १ किलोवॅटचा खर्च ५०,००० धरून केंद्राचे ३०,००० मिळतात. त्यावर राज्य दारिद्र्यरेषेखालच्या घराला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या घराला १५,००० आणि इतरांना १०,००० घालते. म्हणजे ग्राहकाच्या खिशातून अनुक्रमे २,५००, ५,००० आणि १०,००० जातात.

१०० युनिटांच्या आतल्याला एवढे आणि २६० वाल्याला काहीच नाही, हे समजून घ्यायचे तर वीजबिलाचे टप्पे बघा. घरगुती दर ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे असे चढत जातात. पहिल्या टप्प्याची वीज महावितरणला पडते त्यापेक्षा स्वस्त विकावी लागते, आणि ती तूट वरच्या टप्प्यांतून, दुकान-कारखान्यांकडून भरून निघते. पहिल्या टप्प्यातला ग्राहक सौर झाला तर महावितरणचा तोटा कमी होतो. तुम्ही सौर झालात तर तिचे उत्पन्न कमी होते. राज्याच्या धोरणात पैसा कुठे वाहतो याची किल्ली ही. शेतीपंपाचे गणित याच वाटेने जाते, त्याकडे पुढे येतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. ‘सरकारी धोरण’ म्हणून जे बोलले जाते ते तीन हातांनी चालते. केंद्र अनुदान देते. राज्य सरकार धोरण आखते आणि आपल्या वाट्याचा पैसा घालते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६५ प्रमाणे वीजदरातल्या सवलतीचा पैसा त्याने आगाऊ द्यायचा असतो. आणि तिसरा हात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा: नेट मीटरिंग (तुम्ही घेतलेल्या विजेतून परत दिलेली वजा करून बिल) कसे मोजायचे, उरलेल्या युनिटांना काय भाव, वीजदर किती, हे आयोग ठरवतो, मंत्री नाही. अनुदान एकदाच मिळते, आयोगाचा नियम मात्र पंचवीस वर्षे दर महिन्याच्या बिलात दिसतो. डिसेंबर २०२० चे राज्याचे अपारंपरिक ऊर्जा धोरण वाचले तर त्यात १७,३६० मेगावॅटचे लक्ष्य आहे, त्यातले १२,९३० सौर. मोठ्या आकड्यांचा दस्तऐवज आहे तो. घरमालकाला त्यातून थेट हाती लागण्यासारखे फार थोडे.

तुमच्याच तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्या काळच्या सवलती गुंतवणुकीच्या रकमेवर होत्या: आयकरात वेगवान घसारा (यंत्राची किंमत सुरुवातीच्या वर्षांतच खर्चात दाखवण्याची मुभा), राज्याची विक्रीकर सवलत. पाते किती फिरले यापेक्षा यंत्र केव्हा उभे राहिले याला महत्त्व आले. छपरावरच्या अनुदानाचा धोका तोच आहे. अनुदान बसवलेल्या किलोवॅटवर मिळते, फायदा मात्र तयार होऊन वापरल्या गेलेल्या युनिटांवर. म्हणून एजंटच्या ७८ हजारांवरून संचाचा आकार ठरवू नका, बिलावरून ठरवा.

आता ते गणित करू. आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० ते १,५०० युनिट देतो, म्हणजे महिन्याला सरासरी १२०. तुमचे २६० युनिट म्हणजे पहिल्या टप्प्यातले १०० आणि दुसऱ्यातले १६०. दर आदेशागणिक बदलतात, म्हणून इथे सोपे आकडे धरतो: वहन आकार धरून पहिला टप्पा युनिटला ६ रुपये, दुसरा ११. तुम्ही तुमच्या बिलावरचे टाका.

पहिला किलोवॅट वरचे १२० युनिट उडवतो. ते सगळे ११ रुपयांचे, म्हणजे महिन्याला १,३२० रुपये वाचले. दुसरा किलोवॅट उरलेले ४० महाग आणि ८० स्वस्त युनिट उडवतो: ४४० अधिक ४८०, म्हणजे ९२०. तिसऱ्यासाठी फक्त २० युनिट उरले, त्यांचे १२० रुपये. बाकीचे १०० युनिट वर्षअखेरीला महावितरण आयोगाने ठरवलेल्या खरेदीदराने घेते. तो ३ रुपये धरला तर ३००. बेरीज ४२०. आता अनुदान वजा जाता प्रमाण किमतीत तुमच्या खिशातून पहिल्यासाठी २०,०००, दुसऱ्यासाठी २०,००० आणि तिसऱ्यासाठी २७,००० जातात. पहिला सव्वा-दीड वर्षात फिटतो, दुसरा दोनाच्या आत, तिसऱ्याला पाच वर्षांहून जास्त लागतात. (बचतीवर १६ टक्के वीजशुल्कही वाचते, ते वरकड. बाजारातला भाव प्रमाण किमतीपेक्षा जास्त असतो, तेव्हा सगळ्यांचीच मुदत लांबते.)

एजंट खोटे बोलत नाही, पण तो तिसऱ्या किलोवॅटचा भाव पहिल्याच्या नावाने सांगतोय. येत्या दोन वर्षांत घरात इंडक्शन, एसी किंवा विजेची स्कूटर येणार असेल तर ३ घ्या. इन्व्हर्टर, अर्थिंग, मजुरी एकदाच लागते, त्यामुळे तिसऱ्या किलोवॅटचा प्रत्यक्ष वाढीव खर्चही तुलनेने कमी असतो. वापर असाच राहणार असेल तर २ ते २.७ पुरे. कर्ज काढून तिसरा घेऊ नका. अनुदान मोजताना पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतली जी कमी ती धरतात. ५४० वॅटची ४ पॅनेल आणि २ किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल तर अनुदान २ किलोवॅटचे, ६०,०००. ५ पॅनेल आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल तर २.७ किलोवॅटचे: ६०,००० अधिक १८,००० चे ०.७, म्हणजे ७२,६००. हा मधला पर्याय कुणी सहसा सांगत नाही, तुमच्या वापराला तो चांगला बसतो. इन्व्हर्टर मोठा असल्याने पुढे एक पॅनेल वाढवायला जागा राहते.

‘बिल शून्य’ हे मात्र सरळ चूक. स्थिर आकार राहतोच, तो युनिटांवर नसतो. आणि नेट मीटरिंगचे वर्ष आर्थिक वर्ष आहे, म्हणजे ३१ मार्चला हिशोब बंद. त्याआधी एका महिन्याचे जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वापरता येतात. ३१ मार्चला जे उरतात ते वर सांगितलेल्या कमी दराने विकले जातात, पुढे जात नाहीत. यावरून संच केव्हा सुरू करावा हेही ठरते. पाटणचा पाऊस तुम्हाला सांगायला नको: जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर किंवा त्याखाली येते. संच एप्रिलच्या सुरुवातीला चालू झाला तर एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामाला येते. नोव्हेंबरात चालू झाला तर हिवाळ्यात वापर कमी, ऊन चांगले, फेब्रुवारी-मार्चची शिल्लक साठते आणि ३१ मार्चला स्वस्तात जाते. हे नुकसान पहिल्याच वर्षापुरते असते, पण टाळता येते. केंद्राची योजना २०२६-२७ पर्यंतची आहे, तेव्हा मुहूर्त बघत फार थांबूही नका.

कागदपत्रांत तुमची खरी अडचण वडिलांचे नाव आहे. पोर्टलवर अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो. बिलावरचे नाव, अर्जदाराचे नाव आणि अनुदान ज्या बँक खात्यात येणार त्याचे नाव एकच लागते. संच बसवून झाल्यावर नाव बदलायला गेलात तर अनुदान अडकते, आणि तोवर पुरवठादाराला पूर्ण पैसे देऊन झालेले असतात, कारण अनुदान तुमच्या खात्यात नंतर येते. म्हणून पहिले पाऊल महावितरणकडे नावबदल: मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८, आधार. नवीन नावाचे एक बिल हातात येऊ द्या, मगच सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदणी करा. नावाची अक्षरे आधार आणि पासबुकाशी ताडून घ्या. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ एवढ्या फरकानेही अर्ज मागे येतो.

पुढचा क्रम असा. पोर्टलवर अर्ज केल्यावर १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणी होत नाही, मंजुरी गृहीत धरली जाते आणि गरज असेल तर मंजूर भार त्याबरोबर वाढवला जातो. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने हे झाले. त्याआधी ट्रान्सफॉर्मरची क्षमता भरली म्हणून अर्ज महिनोन्महिने पडून राहत. मग पोर्टलवर नोंदलेला पुरवठादार निवडा, त्याच्याशी करार करा, संच बसवा. त्यानंतर पुरवठादार फोटो आणि तपशील चढवतो, महावितरणचा माणूस येऊन पाहतो, नेट मीटर लागतो, कार्यान्वयनाचा दाखला तयार होतो. अनुदानाची मागणी शेवटी तुम्हीच पोर्टलवर नोंदवायची असते. हे शेवटचे बटण दाबायचे राहून गेल्याने पैसे न आल्याची उदाहरणे कमी नाहीत. पैसे कमी पडत असतील तर ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांपर्यंतचे तारणाशिवाय कर्ज सवलतीच्या व्याजाने बँका देतात.

पॅनेल ‘डीसीआर’ असायला हवीत, म्हणजे आतला सेल आणि बाहेरचे पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. ती साध्या पॅनेलपेक्षा महाग असतात, म्हणून इथे फसवाफसवी होते: कोटेशन डीसीआरचे आणि गाडीतून उतरते दुसरेच. पॅनेल छपरावर चढवण्यापूर्वी खाली उभी करून प्रत्येकाच्या मागच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा. एकदा ती चौकटीला बसली की मागची पट्टी दिसत नाही, आणि पोर्टलवर चढवलेला क्रमांक जुळला नाही तर अनुदान थांबते. बिलात जीएसटी तपासा; सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला आहे. संच अधिक बसवणूक अशा एकत्रित कामात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात, त्यामुळे एकूण कर साधारण ८.९ टक्के पडतो. अजून १३.८ लावलेले जुने कोटेशन कुणी पुढे करत असेल तर परत द्या.

जागा किलोवॅटमागे १०० चौरस फूट, सावलीशिवाय. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते १८ अंश. पाण्याची टाकी, नारळ, शेजारचा जिना यांची सावली डिसेंबरात सर्वांत लांब पडते, तेव्हा जागा उन्हाळ्यात पाहून ठरवू नका. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचे उत्पादन घसरते. घर कौलारू असेल तर कौलांवर बसवण्याच्या फंदात पडू नका. कोयनेच्या पट्ट्यातल्या पावसात ते गळणारच. स्लॅबचा भाग, गोठ्याचे पत्र्याचे छप्पर (पन्हाळीवर नव्हे, उंचवट्यावर क्लॅम्प) किंवा अंगणात वेगळा सांगाडा चालतो. सांगाडा ८० मायक्रॉन जस्ताच्या मुलाम्याचा घ्या. अर्थिंग तीन वेगवेगळी लागतात: डीसी बाजू (पॅनेलकडची), एसी बाजू (घराकडची) आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा). तिन्हींना एकाच खड्ड्यात उतरवून मोकळे होणारे बरेच आहेत. जवळ वीज पडली तर तो झटका थेट इन्व्हर्टरमध्ये शिरतो.

गावाकडे जी तक्रार सगळ्यांत जास्त येते ती वेगळीच आहे: भर दुपारी लख्ख उन्हात इन्व्हर्टर बंद पडतो. कारण असे. तुमचा इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलताना स्वतःच्या टोकाचा दाब थोडा वाढवतो. ट्रान्सफॉर्मर जवळ असेल किंवा दुपारी वाहिनीवर भार कमी असेल तर दाब आधीच २४५-२५० व्होल्ट असतो. २३० च्या ११० टक्के, म्हणजे २५३ ओलांडले की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःला तोडून घेतो. आता केबलचा भाग पाहा. ३ किलोवॅटला १३ अँपिअर वाहतात. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत २५ मीटर अंतर आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल तर तिच्यातच जवळपास ५ व्होल्ट जातात, म्हणजे इन्व्हर्टरला मीटरपेक्षा ५ व्होल्ट जास्त दिसतात. ६ चौरस मिलिमीटर टाकली तर हे २ व्होल्टवर येते. पुरवठादार केबलमध्ये हजार-दीड हजार वाचवतो आणि तुमचे उन्हाळ्यातले सर्वांत चांगले तास जातात. इन्व्हर्टर मीटरजवळ ठेवा, डीसी केबल लांब झाली तरी चालेल. एवढे करूनही बंद पडत असेल तर इन्व्हर्टरच्या ॲपमधल्या दुपारच्या व्होल्टेजच्या नोंदी लावून महावितरणच्या शाखा कार्यालयात ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलण्याचा, म्हणजे त्यातून बाहेर पडणारा दाब कमी करण्याचा अर्ज द्या. नोंदी जोडलेल्या अर्जाला उत्तर मिळते. तोंडी तक्रारीवर ‘सोलरवाल्याला विचारा’ एवढेच ऐकायला मिळते.

वीज गेली की हा संचही बंद होतो, हे आधीच माहीत असू द्या. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय आहे. रात्रीचा दिवा हवा असेल तर बॅटरीचा खर्च वेगळा, त्यावर अनुदान नाही. पाच वर्षे देखभाल पुरवठादाराची जबाबदारी आहे, ती करारात लिहून घ्या. पावसाळ्यानंतर धूळ पाण्याने सकाळी धुवा. बोअरच्या जड पाण्याने धुतले तर काचेवर पांढरे डाग बसतात, ते नंतर जात नाहीत.

आता शेत. इथे राज्य सढळ का, हे वरच्या टप्प्यांच्या गणितातूनच येते. शेतीपंपाला वीज जवळजवळ फुकट द्यावी लागते. ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने’त ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ राज्य भरते. तुमची ५ एचपीची जोडणी त्यात येते, तिला हात लावू नका. ती सोडून सौर पंप घेण्यात काहीच फायदा नाही, आणि जिथे आधीच जोडणी आहे त्या विहिरीला ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ मिळतही नाही.

माळाच्या बोअरला मिळू शकतो. त्या योजनेत केंद्राचे ३० आणि राज्याचे ६० टक्के धरून सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. पंपाचा आकार जमिनीवर ठरतो: अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, त्यापुढे ५ एकरांपर्यंत ५, त्याहून जास्त असेल तर ७.५. अर्जाला सातबारा, आधार, पासबुक आणि सामाईक मालकाची संमती लागते. तुमच्याकडे नेमके दोन कच्चे दुवे आहेत: भावाची संमती आणि बोअरची सातबाऱ्यावर नोंद. नोंद नसेल तर तलाठ्याकडे आधी ती करून घ्या. त्याशिवाय अर्ज छाननीत बाद होतो. पाणीपातळी खालावलेल्या, डार्क झोनमधल्या गावाला भूजल विभागाचा दाखलाही लागतो.

पैसे भरल्यावर पुरवठादार निवडायचा, मग संयुक्त पाहणी होते. या पाहणीच्या दिवशी शेतात स्वतः हजर राहा. पंपाचे हेड म्हणजे पाणी किती उंच उचलायचे आहे, ते तिथे ठरते. पाहणीत पावसाळ्यानंतरची पातळी लिहिली गेली तर पंप ५० मीटरचा येतो, आणि एप्रिलमध्ये पाणी ७० मीटरवर गेले की ऊन असूनही धार पडत नाही. तुमच्या बोअरची उन्हाळ्यातली पातळी सांगा. एचपीमागे साधारण १ किलोवॅटची पॅनेल येतात. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा त्यात आहे. पॅनेल चोरीला गेली तर पोलीस तक्रारीशिवाय विमा पुढे सरकत नाही, तेव्हा आधी ठाणे आणि मग पुरवठादार.

माळ भाड्याने देण्याची गोष्ट ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ मधली. शेतीच्या वाहिन्यांना लागणारी वीज गावाजवळच उपकेंद्राला जोडलेल्या सौर प्रकल्पातून द्यायची, हा तिचा गाभा. पहिला प्रयोग राळेगणसिद्धीला झाला. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॅटचा सुरू झाला. ३ रुपयांच्या आसपास युनिट मिळते, ते दिवसा मिळते आणि राज्याचा शेतीवीज अनुदानाचा बोजा हलका होतो. तुमच्या विहिरीच्या वाहिनीला हा प्रकल्प लागला तर रात्रीचे पाणी धरणे थांबेल. एकही अर्ज न करता मिळणारा हा फायदा तुमच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा ठरू शकतो. गावाला तीन वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये ग्रामपंचायतीमार्फत मिळतात, तेव्हा सरपंचालाही यात रस असायला हरकत नाही.

भाडे हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, किंवा रेडीरेकनरच्या (सरकारी जमीनदर तक्त्यातल्या) किमतीच्या ६ टक्के, यातले जे जास्त ते. एकरी हिशोब ५०,००० च्या थोडा वर जातो. तुमच्या साडेतीन एकरांचे वर्षाला साधारण पावणेदोन लाख. दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, पण ती सरळ पद्धतीने, चक्रवाढ नव्हे. फरक बारीक वाटतो. विसाव्या वर्षी सरळ वाढीने हेक्टरी १,९६,००० होतात, चक्रवाढीने २,१९,००० झाले असते. दलालाने चक्रवाढीचा तक्ता दाखवला तर ओळखून घ्या.

जमीन किमान ३ एकर, ती तुमच्याकडे आहे. पण १ मेगावॅटला ४ ते ५ एकर लागतात, आणि एवढ्याशा तुकड्यासाठी ११ केव्हीची वाहिनी ओढायला कंपनी तयार होत नाही. उपकेंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत असाल तर शेजारच्या माळकऱ्यांना धरून १५-२० एकरांचा सलग पट्टा दाखवा, तरच कुणी विचारेल. पाटणच्या डोंगरात आणखी एक गोम: उतार दक्षिणेकडे असेल तर जागा चांगली, उत्तरेकडे असेल तर पॅनेलच्या ओळी एकमेकींवर सावली टाकतात, अंतर वाढते, मेगावॅटमागे जमीन वाढते. पाहणीला येणारा अभियंता हे पहिल्या दहा मिनिटांत ठरवतो.

म्हणजे माळावर पंप आणि भाडे यांतले एकच होईल. बोअर बारमाही असेल आणि भावाची शेती करायची तयारी असेल तर पंप घ्या. मुरमाड असेल, गुरांच्या गवताशिवाय काही उगवत नसेल आणि उपकेंद्र जवळ असेल तर भाडे. ते ठरेपर्यंत पंपाचे पैसे भरू नका, कारण त्याच गटावर नंतर भाडेकरार करायला गेलात तर बोअर आणि पॅनेलची नोंद आड येईल.

भाड्याचा करार करायचे ठरले तर आधी सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा उतरवा आणि फेरफार पूर्ण करून घ्या. करारात तीन गोष्टी शब्दांत लिहिलेल्या हव्यात. भाडे करार झाल्या दिवसापासून सुरू, प्रकल्प कार्यान्वित झाल्यापासून नव्हे. कंपनी दीड-दोन वर्षे जमीन अडवून बसू शकते. कंपनी बदलली किंवा विकली गेली तरी भाड्याची जबाबदारी नव्या मालकावर. आणि मुदत संपल्यावर जमिनीतले काँक्रीटचे पाये कंपनीने स्वखर्चाने काढून नेण्याची अट, तीही किती महिन्यांत ते लिहून.